पदरचं वाक्य

“शेटेबाई, तुम्ही भांडता झकास. पण प्रेमात पडायची वेळ आली की तुमचा चेहरा जप्तीच्या नोटिशीसारखा का होतो?”

आबा वेल्हाळांनी हे खुर्चीवर उभं राहून विचारलं, त्यामुळे हॉलच्या दारात चहा गाळत बसलेल्या बाईनंही ऐकलं आणि ती फिस्सकन हसली.

“नोटीस का आली ते निदान कळतं तरी, आबा,” मी म्हटलं. “ही दुर्गा प्रेमात का पडली, ते लेखकाला तरी माहीत होतं का?”

“लेखक वारले. त्यांना त्रास देऊ नका. तुम्ही फक्त पडा.”

आमच्या कराडच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त आम्ही ‘तंट्याचं तोरण’ बसवत होतो. नाटक माझ्या अव्वाच्या वयाचं. आमच्या लिंगायतांत आईला अव्वा म्हणतात. त्या नाटकाला सगळे अभिजात विनोदी नाटक म्हणायचे. अभिजात म्हणजे ज्याला हसायला आल्यावर माणूस आधी शेजारच्याकडे बघून घेतो.

नाटकात दोन जोड्या. एक गोड जोडी, वासंती आणि मुकुंद. ती दोघं पहिल्या अंकात एकमेकांना बघतात, दुसऱ्या अंकात रडतात आणि तिसऱ्या अंकात बोहल्यावर चढतात. मधे एकमेकांशी धड चार वाक्यं बोलत नाहीत. बोलली असती तर लग्न झालंच नसतं. दुसरी जोडी कडू, दुर्गा आणि डॉक्टर भार्गव. ती दोघं फक्त बोलतात. लग्न म्हणजे बेडी, प्रेम म्हणजे अजीर्ण, असं पहिला अंकभर एकमेकांना ऐकवतात. मग त्यांचे मित्र एक युक्ती करतात. भार्गव वर्तमानपत्रामागे लपलेला असताना ते मोठ्यानं बोलतात की दुर्गा बिचारी त्याच्यासाठी झुरते. दुर्गा वाळत घातलेल्या लुगड्यांमागे असताना बोलतात की भार्गवची जेवणावरून वासना उडाली. झालं! दोघंही आरशात बघायला लागतात. एवढ्या भांडवलावर लेखकानं तिसरा अंक काढलाय.

मी दुर्गा होते. त्या वेळी मी तिशीची, बिनलग्नाची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचे. जोडल्यावर ऐकायचं नसतं, पण लाईन लागली की नाही हे बघायला दोन शब्द कानावर पडायचेच, आणि त्या दोन शब्दांवरून मला लोकांच्या प्रेमाविषयी जे कळलं होतं ते पुरेसं होतं. मुंबईचा नवरा बायकोला आधी विचारायचा, मनिऑर्डर पोचली का. बायको आधी विचारायची, कोण शेजारी उभं आहे. कोणाचाही जीव कोणासाठी कासावीस झालेला मी तरी ऐकला नाही.

आबा वेल्हाळ दिग्दर्शक. पोटापाण्याला त्यांचा छापखाना होता. निम्म्या गावाच्या लग्नपत्रिका तिथंच छापलेल्या, त्यामुळे कोणी बिनलग्नाचं फिरताना दिसलं की त्यांना धंद्यात खोट आल्यासारखं वाटायचं. वासंतीचं काम हेमा गोसावी करायची, बालवाडीची शिक्षिका आणि माझी मैत्रीण. तिचा मुकुंद म्हणजे कोर्टातला एक कारकून. तो प्रेमप्रसंगातसुद्धा गालात तंबाखू धरून यायचा, म्हणून हेमा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवताना श्वास रोखून धरायची. प्रेक्षकांना ते लाजणं वाटायचं.

आणि भार्गव होता चंद्रशेखर कोरे, सगळ्यांचा शेखर. एका औषध कंपनीचा फिरता विक्रेता. उंच, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजारी असायला हवं होतं असं वाटावं. सोमवार पेठेत खोली घेऊन एकटाच राहायचा. माझ्याशी त्याचं पहिल्या दिवसापासून वाजलं, कारण माझं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं.

“कोरे, माझं वाक्य अजून तोंडात आहे.”

“मला वाटलं, गिळलंत.”

आबा खूश. ते म्हणायचे, असंच भांडा, पहिला अंक आपोआप बसतोय. बसत नव्हता तो तिसरा. त्यात भार्गव दुर्गेला लग्नाचं विचारतो. मूळ वाक्य होतं, ‘दुर्गे, हा भार्गव आज आपली शस्त्रं तुझ्या पायांशी ठेवीत आहे.’ त्यावर दुर्गा म्हणते, ‘मग तह माझ्या अटींवर होईल.’ की अंतरपाट.

“आबा, हे वाक्य पडतंय,” शेखर रोज म्हणायचा. “अठ्ठ्याहत्तर सालात कोण कुणाच्या पायांशी शस्त्रं ठेवतंय? इथं काळजाला हात घालणारं काहीतरी पाहिजे. मी एखादं टाकू का?”

“पदरचं एक वाक्य टाकलंस तर हाकलून देईन,” आबा म्हणायचे. “लेखकानं दिलंय तेवढं बोल. वाक्य पडत नाही, तू पडतोस.”

मला त्याचं हसू यायचं. काळजाला हात घालायचाय म्हणे, आणि हात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या वाटणारा.

एका शनिवारी माझी पाळी लवकर सुटली आणि मी तालमीला सगळ्यांच्या आधी पोचले. हॉलच्या एका कोपऱ्यात दोरीवर दुसऱ्या अंकाची लुगडी टांगलेली असायची. त्यामागे पदर नीट करत होते, तेवढ्यात आबा आणि हेमा आत आले. आबांचा आवाज मुळातच सभेचा. त्या दिवशी तर त्यांना लाऊडस्पीकरची गरज नव्हती.

“हेमे, तुला म्हणून सांगतो. त्या शेखरचं काही खरं नाही. गिरिजा शेटेसाठी झुरतोय नुसता. जेवणावरून वासना उडालीय त्याची.”

“अगं बाई! मग सांगत का न्हाईत ते?”

“सांगणार कसा? ती फाडून खाईल.”

शब्दाला शब्द दुसरा अंक. फक्त भार्गवच्या जागी शेखर आणि दुर्गेच्या जागी मी. दोन महिने जे वाक्य आम्ही रोज ऐकत होतो तेच मला ऐकवायचा या दोघांनी घाट घातला होता, आणि मी ओळखणार नाही अशी त्यांची खात्री होती! मी लुगडं बाजूला केलं आणि बाहेर आले.

“आबा, पान सतरा. निदान जेवण तरी बदलायचं. चहावरून वासना उडाली म्हणायचं.”

आबा जीभ चावून खुर्च्या मांडायला पळाले. हेमा मात्र जागची हलली नाही.

“वाक्य नाटकातलं असलं म्हणजे खोटंच असतंय व्हय गं?” ती म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं. पण त्या रात्री घरी भाकरी खाताना मला उगाच वाटून गेलं, तो आत्ता जेवला असेल का? आणि माझा मलाच संताप आला. टाळ्या वाजवून सापाला बाहेर काढावं आणि मग त्याच सापानं आपल्याला चावावं, तसलं ते झालं.

दुसऱ्या दिवशी मी शेखरला सरळच विचारलं. तालमीच्या मधल्या सुट्टीत तो पायरीवर बसून चहा पीत होता.

“कोरे, तुम्ही माझ्यासाठी झुरताय असं काल मला मुद्दाम ऐकवण्यात आलं. तुम्हाला काही ऐकवलंय का?”

तो हसायला लागला. चहा त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर सांडला तरी हसत राहिला.

“मला मंगळवारीच ऐकवलं. आबांनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं, म्हणाले वाच, आणि माझ्या पाठीमागं उभं राहून कोर्टातल्या त्या कारकुनाला सांगायला लागले. तुम्ही म्हणे रात्रपाळीत हेडफोन काढून रडता.”

“रडते? मी?”

“मीही तेच म्हटलं. म्हटलं, शेटेबाई रडत नाहीत, दुसऱ्याला रडवतात.”

मग मीही हसले. दोघं त्या पायरीवर बसून आबांची नक्कल करत इतके हसलो की चहावाल्या बाईनं दार ओढून घेतलं. एकमेकांवर न हसता एकत्र हसायची ती आमची पहिलीच वेळ, आणि घात झाला तो तिथंच. आम्हाला फसवलेलं नव्हतं ना! आम्ही हुशार होतो. युक्ती आम्हाला कळलेली होती. आणि युक्ती कळलेली दोन माणसं त्या युक्तीवर हसत हसत रोज घरापर्यंत बरोबर चालत जायला लागली. दुर्गा बिचारी अडाणी. ती निदान न कळता फसली होती.

मला तो आवडायला लागला. हे मी सरळच सांगते, कारण गोल गोल सांगायचं काम मी नाटकात पुष्कळ केलंय. माझा घसा बसला तर तो खिशातून खडीसाखर काढायचा. मी टोचून बोलले की त्याचा डोळा आधी हसायचा आणि तोंड नंतर. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला माझ्या जिभेची भीती वाटत नव्हती. मी मोरपंखी साडी काढली, ती चार वर्षं ट्रंकेत होती. हेमानं ती बघितली आणि काही बोलली नाही, याचाच मला जास्त राग आला.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती आमच्या गावची जागा. कराडमध्ये कोणाला काही महत्त्वाचं बोलायचं असलं की तो तिथंच जातो, त्यामुळे तिथं एकांत कधीच नसतो. पण त्या दिवशी एक म्हातारा धोतर पिळत होता, तेवढाच.

शेखरनं एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, “गिरिजा.” तोपर्यंत मी शेटेबाई होते.

“दौऱ्यावरून परत येतो. खोलीचं कुलूप काढतो. आणि दारातच उभा राहतो. वाटतं, आतून कुणीतरी ओरडावं, एवढा उशीर का झाला?” त्याचा डावा हात कुलपापाशी धरावा तसा हवेत थांबला होता. “कुणी ओरडत नाही. मग मीच स्वतःला विचारतो...” इथं त्याचा आवाज फाटला. “एवढा उशीर का झाला?”

मी रडले. मी, जी रडत नाही, रडवते. त्या धोतरवाल्या म्हाताऱ्यादेखत घळाघळा रडले. माझ्याही घरी अव्वा लवकर निजायची. पाळीवरून आल्यावर माझं ताट झाकलेलं असायचं आणि घर गप्प असायचं. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, याला न सांगता कळलं.

“आत्ता उत्तर देऊ नको,” तो म्हणाला. “नाटक होऊ दे. पडदा पडला की सांग.”

त्या रात्री मी अव्वाला उठवून सांगितलं, “मी लग्न करते.”

अव्वा उठून बसली. माझ्यासाठी आलेली स्थळं मी एक एक करून कशी कापून काढली होती हे तिनं सोसलं होतं. तिनं कोण, काय विचारलं. कोरे म्हटल्यावर म्हणाली, “आपल्यातलाच हाय की!” आणि देवापाशी जाऊन दिवा लावला. रविवारी इरकल नेसून, नाकात नथ घालून पहिल्या रांगेत येऊन बसली. तिला ते नाटक बघायचंच नव्हतं. तिला जावई बघायचा होता.

हॉल गच्च भरला होता. पुण्याहून एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आलेले, पहिल्या रांगेत अव्वापासून दोन खुर्च्या सोडून बसलेले. पहिला अंक पळाला. दुसऱ्या अंकात मी लुगड्यांमागे गेले आणि लोक इतके हसले की मला बाहेर डोकावायला जागा मिळेना. मी चांगलं काम करत होते. पडदा पडल्यावर काय म्हणायचं ते माझं ठरलेलं होतं, त्यामुळे हात-पाय हलके झाले होते.

तिसऱ्या अंकात भार्गव माझ्यासमोर आला. मी ‘शस्त्रं’ या शब्दाची वाट बघत होते, कारण त्या शब्दावर मला मान वळवायची होती.

शेखर म्हणाला, “दुर्गे, दवाखान्यातून परत येतो. खोलीचं कुलूप काढतो. आणि दारातच उभा राहतो.”

दौऱ्याऐवजी दवाखाना. भार्गव डॉक्टर ना. तेवढा बदल त्यानं केला होता.

पुढचं मला ऐकायची गरज नव्हती, पाठ होतं. डावा हात हवेत थांबला. “मग मीच स्वतःला विचारतो...” म्हणताना त्याचा आवाज फाटला. “एवढा उशीर का झाला?”

पहिल्यांदा मला वाटलं, याला राहवलं नाही. माणूस आहे, वेळ तशी आहे, समोर मी आहे, तोंडून निघून गेलं. खरंच असं वाटलं. माझे डोळे भरले. मी माझं वाक्य म्हटलं, “मग तह माझ्या अटींवर होईल.” ते इतकं हळू निघालं की मलाच नवल वाटलं.

हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, आणि मागून आरोळी आली, “वन्स मोअर!” मग सगळा हॉलच ते ओरडायला लागला. गद्याला वन्स मोअर म्हणजे आमच्या गावात मोठाच मान. तो गाणाऱ्याला मिळतो, बोलणाऱ्याला नाही. विंगेत आबा दोन्ही हात हलवून ‘नको, नको, पुढं चला’ सांगत होते.

शेखरनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्यानं प्रेक्षकांकडे बघून किंचित मान झुकवली. मग दोन पावलं मागं गेला, आपल्या मूळ जागेवर. कोट खाली ओढून सारखा केला. घसा खाकरला. आणि माझ्याकडे बघून पुन्हा दवाखान्यातून परत आला.

कुलूप काढलं. दारात उभा राहिला. डावा हात, तीच उंची. “मग मीच स्वतःला विचारतो...” आणि आवाज त्याच जागी, तितकाच फाटला. शुक्रवारी नदीवर फाटला होता तितकाच. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

मी बघत होते. दुसरं काय करणार? प्रेक्षकांकडे त्याची पाठ अर्धी होती, माझा चेहरा पुरा होता. आधी मला हसू आलं. मग ते गेलं. मग मी त्याच्या हवेतल्या हाताकडे आणि परत त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मी शांत झाले. पुष्कळ वेळ मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण मी ज्याला होय म्हणणार होते तो माणूस त्याच्यात कुठं दिसतो का ते शोधत होते.

“मग तह,” मी म्हटलं, “माझ्या अटींवर होईल.”

टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या.

पडदा पडला. सत्कारासाठी खुर्च्या मांडायच्या होत्या, म्हणून तो पाच-सात मिनिटं बंदच राहणार होता. आबा शेखरवर धावून आले, “पदरचं घातलंस ना शेवटी!” पण त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे शिव्यांना धार नव्हती. ते खुर्च्या बघायला गेले. शेखर माझ्याकडे आला. घामानं रंग ओघळलेला, चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

“बघितलंस? हाऊस कसं धरलं! शुक्रवारी तू रडलीस ना, तेव्हाच मला कळलं. म्हटलं, हे वाक्य चालणार.”

मी विचारलं, “ते वाक्य माझ्यासाठी होतं की नाटकासाठी?”

तो गोंधळला. खोटं सापडल्यावर माणूस गोंधळतो तसा नव्हे. मी काय विचारतेय तेच त्याला कळेना. आता वाटतं, तो खोटा असता तर बरं झालं असतं.

“दोन्हीसाठी,” तो म्हणाला. “चांगलं वाक्य सुचलंय, ते एकाच ठिकाणी का वापरायचं? आणि मी ते खरंच म्हणालो, गिरिजा. तेव्हाही खरंच होतं, आजही खरंच.”

“दोन्ही वेळेला?”

“दोन्ही वेळेला. शपथ. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, बघ की.”

आलं होतं. अजून होतं.

“पडदा पडला की सांग म्हणाला होतास,” मी म्हटलं. “माझं उत्तर नाही असं आहे.”

“काय? का? अगं, आता पडदा उघडेल...”

“म्हणून घाईनं सांगतेय. हे मी एकदाच म्हणणार आहे.”

पडदा उघडला. आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं, कारण जोडी होती. हातात नारळ दिले. प्राध्यापक उठले, चष्मा पुसला आणि अर्धा तास बोलले. या नाटकातल्या दोन जोड्यांमध्ये प्रेमाची वाढ किती वेगवेगळ्या वाटांनी होते, हे त्यांनी उलगडून सांगितलं. वासंती आणि मुकुंद यांचं प्रेम दृष्टीतून जन्मतं, म्हणाले, आणि दुर्गा-भार्गव यांचं श्रवणातून. हेमा श्वास रोखून ऐकत होती, कारण मुकुंद तिच्या शेजारी होता.

“परंतु आजच्या प्रयोगाचा कळस कोणता?” प्राध्यापकांनी हात वर केला. “दुर्गेचा तो दुसरा मूक क्षण! वन्स मोअर मिळालेला. पहिल्या वेळी या बाई नुसत्या हेलावल्या. दुसऱ्या वेळी मात्र त्यांच्या मुद्रेवर प्रेम कसं टप्प्याटप्प्यानं उमलत गेलं ते आपण पाहिलंत. आधी स्मित. मग संकोच. मग संभ्रम. आणि शेवटी ती अथांग शांती, जी केवळ संपूर्ण समर्पणातूनच येते. माझ्या चाळीस वर्षांच्या व्यासंगात प्रेम इतक्या जवळून जन्माला येताना मी पाहिलेलं नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अव्वानंही वाजवल्या, नथ सांभाळत. शेखरनं नारळ काखेत धरून सगळ्यांहून जोरात वाजवल्या आणि माझ्याकडे वाकून कुजबुजला, “ऐकलंस? आता तरी विचार कर.”

घरी येईपर्यंत अव्वा बोलतच होती. जावई उंच आहे, जावई बोलतो छान, जावयाच्या आवाजानं शेजारची देसायांची सून रडली. दारात चपला काढताना मी तिला सांगितलं की मी लग्न करत नाही.

तिनं आधी ऐकलंच नाही असं दाखवलं. इरकल बदललं. नथ डबीत ठेवली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

“काय केलं त्यानं?”

“काही नाही.”

“दुसरी कोण हाय त्याची?”

“नाही गं.”

“मग? तुला काय वंगाळ बोलला?”

“वंगाळ नाही. चांगलं बोलला.” मी तिला संगमावरचं सांगितलं. कुलपाचं, दाराचं, उशिराचं. “आज स्टेजवर बोलला ना, तेच. आधी मला बोलला होता, मग लोकांना बोलला, आणि लोकांनी मागितलं म्हणून परत बोलला. एकच वाक्य, अव्वा. तीनदा. तितकंच रडून.”

मला वाटलं, आता तिला कळेल. लग्न मोडायला एवढं कारण पुष्कळ आहे, ते कोणालाही पटेल, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं.

“तीनदा म्हणाला म्हणून सोडतीस त्याला?” ती म्हणाली. “गिरिजे, तुझ्या अप्पांसंगं मी एकतीस वर्षं काढली. मला असलं एकदा बी कुणी म्हणलं न्हाई.”

मग ती उठली आणि माझं ताट वाढायला आत गेली.